अप्पांची प्लेट आणि दादाचं इंजिन

आमच्या अप्पांना दुसऱ्याची चूक सापडली की त्यांची भूक वाढते. चेष्टा करत नाहीये. कारखान्यात तपासणी विभागात होते तेव्हा ज्या दिवशी कुणाचा माल परत पाठवला असेल, त्या दिवशी घरी येऊन दोन घास जास्त जेवायचे. आई नुसतं ताटाकडे बघून ओळखायची की आज कुणाचं तरी तोंड उतरलंय.

तपासायची त्यांची पद्धत साधी होती. एक लोखंडी प्लेट. जेवायची नव्हे, चहाच्या ट्रेएवढी, चांगली जाडजूड, घासूनघासून अगदी सपाट केलेली. आलेला तुकडा तिच्यावर ठेवायचा, खाली वाकायचं, एक डोळा मिटायचा आणि तुकड्याखालून पलीकडचा उजेड दिसतो का बघायचं. दिसला तर तुकडा वाकडा. मग "उजेड दिसतोय" एवढंच म्हणायचं आणि माल परत. कामगारांनी त्यांचं नाव उजेडसाहेब ठेवलं होतं. अप्पांना वाटायचं ते कौतुकानं म्हणतात.

पुढे तो विभाग बंद झाला. बाकीच्यांनी जाताना खुर्च्या नेल्या, पंखे नेले, एकानं तर दरवाजा काढून नेला. अप्पांनी प्लेट आणली. दोन हमाल लावून तिसऱ्या मजल्यावर चढवली आणि आतल्या खोलीतल्या टेबलावर मांडली. आई म्हणाली, या घरात फुकट कुणी राहत नाही, मग ती लोखंडी का असेना. तेव्हापासून घरातल्या सुऱ्या, कात्र्या, विळ्या तिच्यावरच घासल्या जाऊ लागल्या. अप्पा तेलात घासायची खरखरीत पावडर कालवायचे आणि प्लेटीच्या बरोबर मधोमध गरागरा घासायचे. शेजारणीही सुऱ्या घेऊन यायला लागल्या. साहेबांचा दरबार पुन्हा भरला.

आता दादाचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. दादा माझा थोरला भाऊ. तो त्याच कारखान्यात फिटर म्हणून लागला होता. त्यानं स्वतः केलेली पहिली पेटीभर ब्रॅकेटं तपासणीला आली ती अप्पांच्या टेबलावर. अप्पांनी एकेक उचलून प्लेटीवर ठेवलं आणि सगळी पेटी सगळ्यांदेखत परत केली. त्या संध्याकाळी दादा जेवला नाही. अप्पा जेवले, तेही चांगले पोटभर. महिन्याच्या आत दादानं नोकरी सोडली, गाव सोडलं आणि दुसऱ्या शहरात जाऊन बेकरी टाकली. केकला कुणी एक डोळा मिटून खालून बघत नाही, असं तो मला म्हणाला होता.

तेव्हापासून या बापलेकांचं बोलणं आईच्या तोंडून. दादा फोनवर आईला विचारणार, गुडघा कसा आहे त्यांचा. अप्पा शेजारच्या खुर्चीतून पेपरमागून सांगणार, बरा आहे म्हणावं. फोन मधे धरून आईचा हात दुखायचा. दोघंही एकापेक्षा एक आडमुठे. मी किती वेळा दोघांनाही वेगवेगळं गाठून झापलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

आणि अशात दादाचं पार्सल आलं.

आत जोडायच्या इंजिनाचा संच होता. खेळण्यातलं म्हणू नका, अप्पा रागावतात. पितळेचे सुटे भाग, चाकं, इवलेसे स्क्रू, छोटी मोटर आणि रूळ. कारखान्याच्या आवारात मालाचे डबे ढकलायला एक बुटकं इंजिन होतं, हुबेहूब तेच. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. अप्पांनी पार्सलची दोरीसुद्धा कापली नाही, गाठ सोडवत बसले. ज्या माणसाला पन्नास चुका काढल्याशिवाय चहा जात नाही, तो सबंध दुपार एकेक भाग पुसून कापडावर मांडत होता. मधेच शिट्टी वाजवली. मला तर वाटलं बरं नाही की काय.

दोनच दिवसांनी दादाचा फोन आला की रविवारी येतोय. आणि आईला म्हणाला, विचार ना, जोडून झालं का. इतक्या वर्षांत गुडघा सोडून त्यानं विचारलेली ही पहिली गोष्ट. आई फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि नुसतीच उभी राहिली. मला वाटलं, आता हे इंजिन रविवारी धावलं की झालं. दोघं एका खोलीत बसतील, काहीतरी बोलतील. पितळेबद्दल का होईना.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, "उजेड दिसतोय."

संचात एक तळपट्टी होती. तळहाताहून जराशी लांब, पातळ पितळेची. तिच्याखाली चाकांच्या तीन जोड्या बसतात, वर सगळं इंजिन. वरच्या बाजूला खिळ्यांची बारीक बोंडं असल्यानं ती प्लेटीवर एकाच बाजूनं बसायची. अप्पांनी ती तशी ठेवली, वाकून डोळा मिटला, आणि पट्टीच्या मधोमध खालून उजेड. म्हणजे पट्टी मधे वर आलेली. म्हणजे वाकडी. म्हणजे दादानं पाठवलं तेही वाकडंच. हे शेवटचं ते तोंडानं बोलले नाहीत, पण दुपारी दोन घास जास्त जेवले. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

पण कामाला भिडले मात्र मन लावून. पट्टी गॅसच्या बत्तीवर तांबूस होईपर्यंत तापवायची, पाण्यात बुडवायची की पितळ नरम पडतं. मग अंगठ्यांनी दाबायचं, लाकडी हातोडीनं हळूच ठोकायचं, पुन्हा प्लेटीवर ठेवायचं. असं करता करता उजेड गेला. पट्टी प्लेटीला चिकटून बसली. अप्पांनी चाकं बसवली आणि इंजिनाचा सांगाडा रुळावर ठेवला.

सांगाडा डुलायला लागला. मधली चाकं रुळावर, पुढची वर गेली की मागची खाली, मागची वर गेली की पुढची खाली. अप्पांनी चाकं काढून तपासली. रूळ तपासले. टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारली. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले की मालच दळभद्री, चांगल्या दुकानातून घ्यायची अक्कल असायला नको का. आईनं माझ्याकडे बघितलं. आम्हाला दोघींना रविवार दिसायला लागला. दादा दारात उभा आणि अप्पा त्याच्या हातात पट्टी ठेवतायत. तसं झालं असतं तर दादानं पुन्हा या घराचं नाव काढलं नसतं. गुडघ्याचीही चौकशी बंद.

आता माझा धंदा सांगते. मी कवळ्या बनवते. दाताचे डॉक्टर माप पाठवतात, मी त्यांना दात पाठवते. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर माझी छोटी लॅब आहे. लग्न केलं नाही, कारण लोकांच्या जबड्यांचे साचे दिवसभर हातात असले की माणसांवर फार जीव बसत नाही. पण बत्ती, चिमटे, कानशी, धातूची तार, सगळं माझ्या हाताखालचं. तेव्हा अप्पा फिरायला गेले तशी मी पट्टी उचलली आणि खाली आणली.

माझ्याकडे दातांचा मसाला कालवायची एक जाड काच आहे. तिच्यावर पट्टी ठेवली तर ती चक्क होडीसारखी झुलली. पोट खाली आलेलं. मी म्हटलं, म्हाताऱ्याचा हात गेला. डोळे गेले. वाईट वाटलं, खरंच वाटलं. मी तापवून, दाबून ती काचेवर सुतासारखी सरळ केली, वर नेऊन होती तिथं ठेवून दिली आणि ताकास तूर लागू दिली नाही.

सकाळी अप्पा उठले, दात घासले आणि सवयीनं आधी पट्टी प्लेटीवर ठेवली. उजेड! रात्रीत पितळ मूळ जागी आलं, असं त्यांनी आईला समजावलं. हलक्या धातूला जुनी खोड असते म्हणे. आणि बत्ती पेटवून पुन्हा वाकवली.

मी पुन्हा खाली नेली, सरळ केली. त्यांनी पुन्हा वाकवली. ते वर वाकवतायत, मी खाली सरळ करतेय, आणि त्या बिचाऱ्या पट्टीला वाटत असेल कुठल्या वेड्यांच्या घरात येऊन पडले. तिसऱ्यांदा मी ती हातात घेतली तेव्हा एका भोकाजवळ बारीकशी रेघ दिसली. पितळ थकलं होतं. मी ती तशीच वाकडी वर नेऊन ठेवली. आणखी दोनदा हा खेळ झाला असता तर पट्टीचे दोन तुकडे, आणि रविवारचेही.

मग कुठे माझी ट्यूब पेटली. काच खोटं बोलत नाही, अप्पांचा डोळाही तितकासा गेलेला नाही. मग राहिलं कोण?

आईला मी भाजी निवडताना गाठलं. विचारलं, त्या प्लेटीत काही खोट आहे का गं. आई म्हणाली की खोट कसली, फक्त पुसताना पाणी सांडलं की मधेच साचतं. बशीत साचतं तसं. मी विचारलं, कधीपासून. म्हणाली, झाली असतील बरीच वर्षं, सुऱ्या घासून घासून. मी कपाळावर हात मारला. मग बोलली का नाहीस? तर म्हणते, मला काय माहीत, मला वाटलं प्लेट आहे म्हणून तशीच करतात.

म्हणजे अप्पा चांगली सरळ पट्टी खड्ड्यावर ठेवत होते, मधे उजेड दिसत होता आणि पट्टी दाबून दाबून ते खड्ड्याच्या आकाराची करत होते. वर दादाची अक्कल काढत होते. मला एकदम हसू आलं आणि मग एकदम आलं नाही. कारण हे अप्पांना सांगायचं कुणी? त्या माणसानं आयुष्यभर दुसरं केलं काय? आई म्हणाली, मी नाही सांगणार, मला या वयात घर मोडायचं नाही. झालं, माझ्याच गळ्यात घोंगडं.

रविवारी दादा यायच्या आधी मी काच घेऊन वर गेले. अप्पा पट्टीला पुन्हा चाकं बसवायच्या बेतात होते. मी चाकं बाजूला ठेवली आणि सरळच सांगितलं की पट्टी ठीक होती, प्लेट मधे खोल गेलीये. अप्पा हसले. तुझी काच वाकडी असेल म्हणाले. बाजारातली काच, तिच्यावर लोकांची तोंडं बनतात, ती काय सांगणार. मी त्यांची स्वतःची पोलादी स्केल, फूटभर लांबीची, खणातून काढली आणि प्लेटीवर कडेवर उभी धरली. वाका आणि बघा म्हटलं.

ते वाकले, डोळा मिटला. मधे उजेड.

"ही स्केल वाकलीये," ते म्हणाले.

"मग उलटी करून धरा. तुम्हीच शिकवलंय."

हे त्यांनीच आम्हाला लहानपणी शिकवलं होतं. वाकडी असेल ती स्केल, तर उलटल्यावर उजेड टोकांना जातो. प्लेट खोल असेल तर जागचा हलत नाही. अप्पांनी स्केल उलटी केली. बराच वेळ वाकून राहिले. गुडघा दुखत असणार, पण उठले नाहीत. मग त्यांनी ती आडवी फिरवली, तिरकी फिरवली, प्रत्येक बाजूनं उलटसुलट धरून पाहिली. उजेड आपला मधोमध, हलायचं नाव नाही.

ते उठले. हात धुतले आणि गॅलरीत जाऊन बसले. आईनं जेवायला बोलावलं, नको म्हणाले. हे ऐकून आई माझ्यावरच घसरली, काय उजेड पाडलास, बघ आता. मला स्वतःचाच राग आला. वाटलं, कशाला सांगितलं? पट्टी लपवून ठेवली असती, हरवली म्हटलं असतं, मांजरावर ढकललं असतं. अप्पा गॅलरीत पाठमोरे बसले होते, आणि त्यांची पाठ मला पहिल्यांदाच म्हाताऱ्या माणसाची दिसली. मला ते अजिबात आवडलं नाही.

अशात दादा आला. जाडा झालाय, केस गेलेत, हातात केकचा मोठा खोका. दारातच थबकला आणि आईला हळूच विचारलं, कुठायत. आई त्याचा हात धरून रडत होती, तिच्याकडून उत्तर कुठून यायला. तेवढ्यात अप्पाच गॅलरीतून आत आले. दोघं समोरासमोर उभे राहिले. दादा त्यांच्या पाया पडावं की हात मिळवावा अशा घोळात खोका धरून अर्धवट वाकला. अप्पांनी त्याला आतल्या खोलीत ये म्हणून खूण केली. मी मागोमाग गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी काय बोलावण्याची वाट बघणारी आहे?

अप्पांनी प्लेटीवर हात ठेवला.

"तू पाठवलेली पट्टी सरळ होती. मी वाकडी केली. ही प्लेट मधे खोल गेलीये."

दादा असू दे म्हणाला, दुसरी पट्टी मागवता येईल. पण अप्पांचं संपलं नव्हतं.

"तुझी ब्रॅकेटं मी हिच्यावरच ठेवून परत केली होती. प्लेट तपासायला वर्षातून एकदा बाहेरचा माणूस यायचा. त्या वर्षी तो आला होता की नाही, मला आठवत नाही. तेव्हा ही सपाट होती का, हे आता मला सांगता येणार नाही."

माझ्या अप्पांच्या तोंडून "मला सांगता येणार नाही" हे शब्द मी जन्मात ऐकले नव्हते. आई दारात पदर तोंडाला लावून उभी होती. मी तिला खुर्ची ओढून दिली, कारण कुणीतरी शुद्धीवर असायला हवं होतं.

दादानं खोका खाली ठेवला. "ती वाकडीच होती, अप्पा. मी घाईत केली होती. मला माहीत होतं."

आता मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, अरे शहाण्या, मग इतकी वर्षं रुसून बसलास ते कशाला? आईचा हात मोडला फोन धरून. इथं माणसं तुझ्या नावानं झुरतायत, आणि तुला माहीत होतं?

दादा माझ्याकडे बघत नव्हता. "परत केलीत त्याचं काही नाही," तो अप्पांना म्हणाला. "तुम्ही हसलात. सगळ्यांबरोबर."

अप्पा आठवायचा प्रयत्न करत होते, हे त्यांच्या कपाळावर दिसत होतं. त्यांना ते आठवत नव्हतं. ज्या माणसाला कुठल्या साली कुठल्या कामगाराचा कुठला तुकडा किती वाकडा होता हे पाठ आहे, त्याला आपण पोराला हसलो हे आठवत नव्हतं.

"हसलो असेन," ते शेवटी म्हणाले. "हसायला नको होतं."

एवढंच. याच्यावर कुणी गळ्यात पडलं नाही. आमच्याकडे तसली पद्धत नाही. अप्पांनी पट्टी उचलून दादाच्या हातात दिली, त्या बारीक रेघेवर बोट ठेवून दाखवलं, आणि म्हणाले की आता एकदाच तापवायची, पुन्हा चालणार नाही. मी काच टेबलावर ठेवली. प्लेट दोघांनी मिळून जमिनीवर उतरवली. दोघं उचलताना कण्हले, एकाच सुरात.

दादानं बत्ती पेटवली. भट्टीसमोर आयुष्य गेलेला माणूस, त्याला रंगाची बरोबर जाण होती. पट्टी जेमतेम तांबूस झाली तशी त्यानं चिमट्यानं उचलून पाण्यात सोडली. मग काचेवर ठेवून अंगठ्यांनी दाबत राहिला, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. मधेच थांबून त्यानं घाम पुसला. अप्पा शेजारी उभे होते आणि त्यांनी एक सूचना केली नाही. माझ्या आठवणीत हा विक्रम आहे. रेघ होती तेवढीच राहिली. दादानं काचेवर वाकून, एक डोळा मिटून पाहिलं, एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग पट्टी उचलली आणि अप्पांच्या पुढे धरली.

अप्पांनी ती घेतली, आणि तशीच हातात धरून चाकांची पहिली जोडी उचलून खाली बसवायला लागले.

दादा म्हणाला, "बघणार नाही?"

"तू बघितलंस ना," अप्पा म्हणाले. "झालं मग. स्क्रू दे."

दादानं मान हलवली, आणि स्क्रू सगळे टेबलावर समोर मांडलेले असताना एक खाली पडलाय म्हणून टेबलाखाली शिरला आणि बराच वेळ तिथंच राहिला.